पहिली गाडी लेट झाली आणि पुढची चुकली, तर रिफंड आणि भरपाई कशी मिळवायची

समजा, परभणीहून मनमाडला यायचंय आणि तिथून वाराणसीची गाडी पकडायचीय. पहिली गाडी दुपारी 4 ला मनमाडला पोहोचणार, पुढची संध्याकाळी 7 ला सुटणार. हाताशी तीन तास. प्रत्यक्षात पहिली गाडी 7.40 ला पोहोचते आणि पुढची तोवर निघून गेलेली असते. चूक तुमची नाही, तरी वाराणसीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असं नाही. ते मिळणार की बुडणार हे बहुतेक वेळा तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं.

तिकीट काढताना: दोन पीएनआर जोडून घ्या

दोन सुटी तिकिटं म्हणजे रेल्वेच्या लेखी दोन वेगळे प्रवास. पहिली गाडी लेट झाल्याचा दुसऱ्या तिकिटाशी संबंध लागत नाही. दुसऱ्या गाडीच्या चार्टवर, म्हणजे प्रवाशांच्या यादीत, तुम्ही फक्त ‘आला नाही’ म्हणून उरता आणि रिफंड नाकारला जातो.

1 एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर, म्हणजे तिकिटांचे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडायची सोय आहे. ते जोडलेले असतील आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचं भाडं रद्दीकरणाची वजावट न करता परत मिळतं. ही सोय सगळ्या वर्गांना आहे, ई-तिकिटालाही आणि काउंटर तिकिटालाही. पहिल्या गाडीचं भाडं मात्र मिळत नाही, कारण तो प्रवास उशिरा का होईना, झालेला असतो.

ऑनलाइन बुकिंग करताना आधी पहिल्या गाडीचं तिकीट काढा. मग आयआरसीटीसीवर ‘कनेक्टिंग जर्नी बुकिंग’चा पर्याय घेऊन त्याच पीएनआरवरून दुसरं काढा. खिडकीवर काढत असाल, तर फॉर्म देतानाच क्लार्कला पहिला पीएनआर दाखवा आणि ‘हे त्याला जोडून द्या’ असं स्पष्ट सांगा. न सांगता कुणी जोडून देत नाही.

गोष्ट अडते ती इथे:

नावं. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तंतोतंत सारखा हवा. एका तिकिटावर चौघं आणि दुसऱ्यावर तिघं, किंवा एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरं, असं असेल तर जोडणी होत नाही.

स्थानक. पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच दुसरी पकडायची, असं ठेवा. मुंबईत हे हमखास चुकतं. विदर्भातून येणारी गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबते आणि गुजरातची गाडी वांद्रे टर्मिनसहून सुटते. मधला टॅक्सीचा प्रवास रेल्वेच्या हिशोबात नाही, आणि सायनजवळ अडकलेली टॅक्सी हे रिफंडचं कारण ठरत नाही.

अंतर. जोडणी असली तरी तासाभराच्या फरकाने तिकिटं काढू नयेत. रिफंड मिळाला तरी वाराणसी दूरच राहते. किमान तीन-चार तास ठेवा, आणि शक्य असेल तर त्या दिशेची दिवसातली शेवटची गाडी टाळा. कोकणातून किंवा गोव्यातून येताना पावसाळी वेळापत्रक बघूनच हिशोब करा. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं लागू होतं. त्या काळात गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि वेळा बदललेल्या असतात. उशीर मोजतात तो या बदललेल्या वेळेवरून, एरवीच्या नाही.

बुकिंग करताना 45 पैशांचा विमा घेतलेला असतो, त्याच्यावर इथे भिस्त ठेवू नका. तो अपघाती मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयाचा खर्च यांसाठी आहे. गाडी चुकण्याशी त्याचा संबंध नाही.

निघण्याआधीच गाडी लेट दिसली तर

पहिली गाडी तुमच्याच स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल, तर न जाण्याचा निर्णय घेऊन पूर्ण भाडं परत मागता येतं. अट एकच, पण कडक: गाडी प्रत्यक्षात सुटण्याआधी ई-तिकिटाचा टीडीआर (रिफंडसाठीचा ऑनलाइन अर्ज) भरायचा किंवा काउंटर तिकीट खिडकीवर जमा करायचं. गाडी हलल्यावर हा हक्क संपतो. तत्काळ तिकिटालाही हे लागू आहे, पण तिथे उशीर तिकिटावरच्या मूळ सुरुवातीच्या स्थानकावरचा मोजतात, बदलून घेतलेल्या बोर्डिंग स्थानकावरचा नाही.

गाडी चुकल्यावर: तीन तासांचं घड्याळ

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. मुदत तीन तासांची आहे आणि ती पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून मोजतात. दुसरी गाडी कधी सुटली याला महत्त्व नाही. वरच्या उदाहरणात 7.40 ला पोहोचलात, तर शेवटची वेळ 10.40. आधी जेवण, मग हॉटेल, मग उद्या निवांत बघू, असं म्हटलं की पैसे गेले.

म्हणून फलाटावर उतरल्या उतरल्या या क्रमाने करा.

1. एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या अधिकृत चौकशी सेवेवर, पहिल्या गाडीची पोहोचण्याची प्रत्यक्ष वेळ उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या गाडीची सुटण्याची वेळही अशीच टिपून ठेवा. खासगी ॲपवरची वेळ अंदाजाची असू शकते, पुरावा म्हणून ती कच्ची.

2. ई-तिकीट असेल तर आयआरसीटीसीच्या खात्यात जाऊन दुसऱ्या पीएनआरचा टीडीआर भरा. कारण निवडताना कनेक्टिंग गाडी चुकल्याचंच निवडा. घाईत ‘प्रवास केला नाही’ एवढंच निवडलं, तर जोडणीचा मुद्दा मागे पडतो आणि अर्ज साध्या गैरहजेरीसारखा तपासला जातो.

3. काउंटर तिकीट असेल तर जिथे गाडी चुकली त्याच स्थानकाच्या खिडकीवर ते जमा करा. खिडकी बंद असेल, तर स्टेशन मास्तरांकडून तिकीट जमा केल्याची पावती घ्या. टीडीआर म्हणजे मूळची हीच पावती. त्यानंतर दहा दिवसांत संबंधित रेल्वेच्या दावे विभागाकडे रिफंडचा अर्ज करायचा असतो.

4. 139 वर किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रार सेवेवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याने पैसे लगेच येत नाहीत, पण त्या वेळी तुम्ही त्या स्थानकावर होतात याची नोंद राहते.

चुकलेल्या गाडीचं तिकीट घेऊन मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत चढू नका. आरक्षित तिकीट त्या एका गाडीपुरतंच असतं. टीसी विनातिकीट धरतो आणि दंडासह भाडं वसूल करतो. ‘आमची गाडी लेट होती’ हे त्याच्यापुढे चालत नाही. त्या मागून येणाऱ्या गाडीचा चार्ट लागून गेल्यावर रिकाम्या जागा करंट बुकिंगमध्ये दिसतात. त्या बघून नवं तिकीट काढा आणि पावती जपा. तिचा उपयोग खाली येतो.

टीडीआरचा निकाल रेल्वे आपल्या नोंदी तपासून देते, त्याला आठवडे लागतात. दुसऱ्या गाडीच्या टीसीने चुकून तुम्हाला ‘हजर’ दाखवलं असेल, तर अर्ज फेटाळला जातो. अशा वेळी करंट बुकिंगचं नवं तिकीट कामी येतं: एकच माणूस दोन गाड्यांत नसतो.

रिफंड वेगळा, भरपाई वेगळी

टीडीआरने फक्त भाडं परत येतं. चुकलेलं विमान, वाया गेलेलं हॉटेल, रात्रीत करावी लागलेली टॅक्सी यांची भरपाई रेल्वे स्वतःहून देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. भाड्याच्या रिफंडवरून वाद राहिला, तर तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. त्याची खंडपीठं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

भरपाईचा पाया म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2021 चा निकाल. अजमेर-जम्मू एक्सप्रेस 2016 च्या जूनमध्ये सकाळी 8.10 ला जम्मूला पोहोचायची, ती 12 वाजता पोहोचली. प्रवाशाचं श्रीनगरचं विमान दुपारी 12 चंच होतं. टॅक्सीने जावं लागलं, बुकिंग वाया गेलं. अलवारच्या जिल्हा ग्राहक मंचाने टॅक्सीचे 15,000, बुकिंगचे 10,000 आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चापोटी प्रत्येकी 5,000 रुपये मंजूर केले. वेळेवर धावण्याची हमी आम्ही देतच नाही, असं रेल्वेने आपल्या नियमावर बोट ठेवून सांगितलं. न्यायालयाने म्हटलं की उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्याने दाखवायला हवं. ते दाखवलं नाही, म्हणून भरपाई कायम राहिली.

यातच तुमच्या दाव्याची किल्ली आहे आणि तिची मर्यादाही. दाट धुकं, पुराने रुळाखालची खडी वाहून जाणं, अशी कारणं रेल्वेने सिद्ध केली तर दावा लंगडा पडतो. म्हणून आधी कारण शोधा. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर 10 रुपये भरून तीन गोष्टी मागा: त्या तारखेला त्या गाडीची नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, आणि कुठे किती थांबली व का. उत्तर 30 दिवसांत अपेक्षित असतं.

मग संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना लेखी मागणी पाठवा, रकमेच्या तपशिलासह. दाद मिळाली नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, रेल्वेचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते.

दाव्यात प्रत्येक रुपयाला पावती लावा. चुकलेल्या विमानाचं पूर्ण भाडं मागण्याआधी विमान कंपनीकडून विमानतळाची शुल्कं आणि कर मागून घ्या. प्रवासी आला नाही तरी ते परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. तेवढी रक्कम वजा करून उरलेलाच आकडा आयोगापुढे मांडा.