ओल्ड स्कूल रूनस्केप: लेव्हल वाढवता वाढवता कलेक्शन लॉग कसा भरावा

"आधी सगळी स्किल ९९ करा, मग कलेक्शन लॉगकडे बघा." ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात नव्या खेळाडूला हमखास मिळणारा हा सल्ला साफ चुकीचा आहे. कलेक्शन लॉग म्हणजे खेळात स्वतः मिळवलेल्या खास वस्तूंची नोंदवही. एका स्किलला ९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. ९२ला पोचलात तरी जेमतेम अर्धी वाट झालेली असते. तोवर लॉग कोरा ठेवला तर खेळातला रसच आटतो. "लॉगमध्ये दिसेल त्याच्या मागे लागा" हा दुसरा सल्ला तर त्याहून घातक. कॅरेक्टर कच्चं असताना एकेक मॉन्स्टर मारायला इतका वेळ लागतो की ना लेव्हल वाढते, ना वस्तू मिळते.

पुढचा क्रम मेंबरशिप असलेल्या साध्या खात्यासाठी आहे. आयर्नमॅनचं, म्हणजे इतर खेळाडूंशी खरेदी-विक्री करता न येणाऱ्या खात्याचं, वेगळं काय, ते ओघात येईल.

सुरुवात क्वेस्टने, म्हणजे गोष्टीसारख्या मोहिमांनी करा. वॉटरफॉल क्वेस्ट एकच, पण ती अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्हींना १३,७५० एक्सपी देते, म्हणजे दोन्ही स्किल १ वरून थेट ३० वर. रेसिपी फॉर डिझास्टर पूर्ण करून बॅरोज ग्लव्ह्ज हातात येईपर्यंत लॉग उघडूही नका.

मग स्लेअर, म्हणजे नेमून दिलेले मॉन्स्टर ठरावीक संख्येने मारण्याचं स्किल. अशा प्रत्येक नेमणुकीला टास्क म्हणतात, आणि टास्क पुरे केले की पॉइंट मिळतात. लेव्हल आणि लॉग एकाच कष्टात जिथे वाढतात, ती जागा हीच. स्लेअरचे पहिले ४०० पॉइंट स्लेअर हेल्मेट बनवण्याची परवानगी घेण्यात घाला, टास्क वगळण्यात उधळू नका. त्याला लागणारा ब्लॅक मास्क ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात मिळतो, क्राफ्टिंग मात्र ५५ हवं. हेल्मेट घातलं की टास्कवरच्या मॉन्स्टरविरुद्ध तलवारीची अचूकता आणि मार दोन्ही एक षष्ठांशाने वाढतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लॉगमधल्या कुठल्याही वस्तूच्या मागे लागण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही मिळवताना किंवा मिळाल्यावर कॅरेक्टर पुढे सरकतं का? उदाहरणार्थ, वॉरियर्स गिल्डमधले डिफेंडर, म्हणजे ढालीच्या जागी धरायची शस्त्रं. ब्राँझपासून एकेक पायरी चढत ड्रॅगनपर्यंत जायचं. वाटेत ते देणारे सायक्लॉप्स मारताना स्ट्रेंग्थ वाढते, लॉगचं पान भरतं आणि शेवटी रोज वापरायची वस्तू हाती येते. हे जरूर करा. उलट चॅम्पियन स्क्रोलचा ड्रॉप, म्हणजे मॉन्स्टर मेल्यावर ती वस्तू पडण्याची शक्यता, ५००० त एक. त्यासाठी गॉब्लिन मारत बसलात तर कॅरेक्टरला काडीचा फायदा नाही. ते पान शेवटी.

आता खरा अवघड भाग: ड्राय जाणं, म्हणजे कितीही मारलं तरी हवी ती वस्तू न मिळणं. इथे मीही बराच काळ अडकलो होतो आणि चांगले चांगले खेळाडू इथेच वैतागून खेळ सोडताना पाहिले आहेत. म्हणून सविस्तर सांगतो.

अॅबिसल डीमन या मॉन्स्टरकडून मिळणाऱ्या अॅबिसल व्हिप या शस्त्राचा ड्रॉप ५१२ त एक आहे. ऐकणारा गृहीत धरतो की ५१२ अॅबिसल डीमन मारले की व्हिप येणारच. तसं नसतं. ३५५ च्या आसपास मारल्यावर निम्म्या लोकांना व्हिप मिळालेला असतो, ५१२ नंतरही सुमारे ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने उभे असतात आणि १०२४ नंतरही साडेतेरा टक्के. प्रत्येक डीमनगणिक फासा नव्याने पडतो, आधीच्या हजारांची त्याला आठवण नसते. "इतके मारले, आता सोडून कसं चालेल?" हा विचार मनात आला की ओळखा, तुम्ही त्या सापळ्यात आहात. आधीच्या मेहनतीने पुढचा ड्रॉप जवळ येत नाही.

माझा नियम ठाम आहे: टास्क संपला की निघायचं, व्हिप मिळो न मिळो. टास्क नेमून देणारा ड्युराडेल अॅबिसल डीमनचा टास्क १३० ते २०० चा देतो. तो संपल्यावर तिथेच थांबलात तर स्लेअरचा एक्सपी बंद होतो आणि हेल्मेटचा तो एक षष्ठांशही जातो. म्हणजे मारायला जास्त वेळ आणि स्लेअरची कमाई शून्य. टास्कवर मात्र प्रत्येक डीमनमागे १५० स्लेअर एक्सपी पक्के, ड्रॉप येवो न येवो. हे डीमन मारायला ८५ स्लेअर लागतं आणि तिथून ९९ पर्यंत अजून सुमारे ९७ लाख ७५ हजार एक्सपी उरलेले असतात. वाटेत हा टास्क पुन:पुन्हा येणार. लॉगमधलं व्हिपचं ते फिकट चित्र तेव्हा भरेल.

मग तोवर वापरायला व्हिप नको का? हवाच. सरळ ग्रँड एक्स्चेंजवरून विकत घ्या. विकत घेतलेली वस्तू लॉगमध्ये धरत नाहीत हे खरं, पण म्हणून "स्वतःला मिळाल्याशिवाय वापरणार नाही" असं व्रत धरू नका. ७० अटॅक झाल्यावरही जुनी तलवार घेऊन फिरणं म्हणजे पुढच्या प्रत्येक टास्कचा वेळ वाढवून घेणं. पुढे स्वतःला ड्रॉप मिळाला की तो विका, पैसे बऱ्यापैकी वसूल होतात. आयर्नमॅनला ही सोय नाही. त्याने टास्कचा नियम अधिकच कडक पाळावा आणि मधल्या काळात मिळेल त्या शस्त्रावर भागवावं.

बॅरोजसारख्या, स्लेअरबाहेरच्या ठिकाणी टास्कची मर्यादा आपोआप पडत नाही. तिथे जाण्याआधी फेऱ्यांचा आकडा कागदावर लिहा. तिथे उभं राहून ठरवलेला आकडा नेहमी वाढतो.

क्लू स्क्रोल, म्हणजे बक्षिसापर्यंत नेणारी कोडी, टास्कवर पडतील तेवढेच सोडवा. त्यातून मिळालेले कपडे घरातल्या कॉस्च्युम रूममध्ये टाका, बँक मोकळी राहते. पेटच्या, म्हणजे क्वचितच मिळणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या मागे लागू नका.

मोबाइलवरही हेच खातं चालतं, त्यामुळे लोकलमध्ये बसून सोपे टास्क उरकता येतात. जॅडसारखा, क्षणात प्रेयर (बचावाची प्रार्थना) बदलायला लावणारा बॉस मात्र घरी, चांगल्या नेटवर करा.