एका टेबलावर जुनी पेन्शन, शेजारच्या टेबलावर डीसीपीएस

तहसील कार्यालयात जुन्या-नव्यांचं वाजलं की वरवर ते संगणकावरून वाजलेलं असतं. "यांना साधी पीडीएफ जोडता येत नाही" असं इकडून, "यांना चार ओळींची टिपणी लिहिता येत नाही" असं तिकडून. मी नायब तहसीलदार आहे, त्याआधी बरीच वर्षं कारकुनी केली. शाखाप्रमुखाची खुर्ची नव्यानं मिळालेल्यांनी या पीडीएफ-टिपणीच्या वादात फार वेळ घालवू नये. खरी ठसठस पगारपत्रकात असते.

हिशेब बघा. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता. त्यानंतर लागलेल्याला डीसीपीएस, म्हणजे अंशदायी पेन्शन: त्याच्या पगारातून दरमहा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं, आणि म्हातारपणी हातात काय पडेल ते बाजारावर. मार्च 2023 मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला तेव्हा "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत सगळे एकत्र बसले होते. पण संप मिटला, फाइली सुरू झाल्या आणि टेबलाटेबलांत ते अंतर तसंच राहिलं. मग फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानं ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. रुजू नंतर, पेन्शन जुनी! दोन वर्षं मागेपुढे लागलेल्या दोघांत एक सुटला, एक अडकला. पुढे राज्याची सुधारित पेन्शन योजना आली, केंद्राची युनिफाइड पेन्शन योजना आली. पर्यायाच्या फॉर्मवर जेवणाच्या सुट्टीत चर्चा चालूच आहेत. मी स्वतः डीसीपीएसवाली, त्यामुळे मला फुकटचा शहाणपणा शिकवता येत नाही.

त्यात निवृत्तीचं वय. गट ड (शिपाई वगैरे) वगळता राज्यात 58. ते केंद्रासारखं 60 करा ही मागणी ज्येष्ठ हिरिरीनं मांडतात, आणि पलीकडे बसलेला महसूल सहायक, म्हणजे नवा कारकून, मनात मोजत असतो की म्हणजे माझी पदोन्नती अजून दोन वर्षं लांबली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे शाखेच्या बैठकीत एकदा मोकळेपणी बोलू द्या आणि स्पष्ट सांगा की याचा निकाल मंत्रालयात लागेल, आपल्या शाखेत नाही. एवढ्यानं राग जात नाही, पण समोरच्या माणसावर निघायचा थोडा कमी होतो.

आता जे आपल्या हातात आहे ते.

लॉगिन आधी सोडवा. जून-जुलैत उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्यांची गर्दी उसळते तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अव्वल कारकुनाचा, म्हणजे ज्येष्ठ भाऊसाहेबांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला, आणि शेजारचं नवं पोरगं दोन लॉगिन उघडून दोघांचं काम एकटंच उरकतंय. पोराला वाटतं, काम माझं, पगार यांचा. भाऊसाहेबांना वाटतं, हा काय पुढे सरकवतोय कुणास ठाऊक, उद्या चौकशी लागली तर नाव माझं. दोघांची भीती रास्त आहे, कारण चौकशीत ज्याचं लॉगिन त्याची जबाबदारी. चिठ्ठी फाडा, पासवर्ड बदलायला लावा. पहिले काही दिवस प्रलंबित आकडा वाढेल आणि वरून फोन येईल. तो फोन तुम्ही घ्यायचा, त्यांच्यावर ढकलायचा नाही. भाऊसाहेब हळूहळू शिकतात. त्यांना शिकवायला मात्र शेजारच्या पोराला बसवू नका, दुसऱ्या शाखेतल्या कुणाला तरी बोलवा. ज्याच्याशी रोज खटके उडतात त्याच्याकडून "राइट क्लिक करा, राइट!" ऐकून घेणं छप्पन्नाव्या वर्षी फार जड जातं.

उलट बाजूनं शिकवणं जास्त अवघड, कारण ज्येष्ठांकडचं ज्ञान मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. विक्री परवानगीचा अर्ज समोर येतो. ऑनलाइन सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला परवानगी न लागणारी जमीन, असं दिसतं. नवा मुलगा टिपणी तयार करतो: परवानगीची आवश्यकता नाही, अर्ज निकाली. भाऊसाहेब चष्मा कपाळावर ढकलून गटनंबर बघतात आणि म्हणतात, "ही शीव वतनाची आहे. 1-क बघितलास?" गाव नमुना 1-क (विक्रीवर बंधन असलेल्या जमिनींची नोंदवही) काढला, रेकॉर्ड रूममधून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडून जुना फेरफार काढला की नवीन शर्त, म्हणजे परवानगीशिवाय न विकण्याची अट, निघते; संगणकीकरणात वर्ग उतरवताना चूक झालेली असते. ती टिपणी तशीच वर गेली असती तर विनापरवानगी व्यवहार, शर्तभंग, आणि पुढे त्या पोराच्याच सेवापुस्तकाला डाग. मी अशा प्रकरणांवर एक पद्धत ठेवली आहे: टिपणी नव्या मुलानं लिहायची, पण "पाहिलेले अभिलेख" हा परिच्छेद ज्येष्ठांना विचारूनच भरायचा, आणि खाली दोघांच्या सह्या. भाऊसाहेबांची सही नुसत्या वयाच्या मानासाठी घेऊ नका, त्यांनी खरंच रुमाल उघडला आहे का ते विचारा. काही ज्येष्ठ रुमालही उघडत नाहीत, नुसता "आमच्या वेळी" उघडतात. तेही चालवून घेऊ नका.

वेळेवरून धुसफूस होतेच. पाच दिवसांचा आठवडा आल्यापासून कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा. नवी मुलं सव्वासहाला बॅग उचलतात, ज्येष्ठ साडेसातपर्यंत बसतात आणि सकाळी अकराला येतात. थांबणाऱ्याला निष्ठावान आणि जाणाऱ्याला कामचुकार म्हणायची आपली जुनी खोड आहे. हजेरी दोन्ही टोकांना सारखी लावा. निवडणूक, पंचनामे, अधिवेशनाचे तारांकित प्रश्न यांना थांबावं लागतंच; त्याची पाळी कागदावर लिहून भिंतीला लावा. लहान मूल आहे म्हणून एकीला सूट आणि गुडघे दुखतात म्हणून एकाला सूट, असं तोंडी चालवलंत की संपलं.

हाक मारण्याचंही बघा. "काका" ऐकून पन्नाशीतला माणूस आतून खट्टू होतो, आणि स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या मुलीला "ए बाळ, झेरॉक्स आण" म्हटलेलं तिला दिवसभर पुरतं. भाऊसाहेब, मॅडम, सर, एवढं पुरे.

सगळ्यात नाजूक जागा आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांची सेवेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या शाखेत असते. भाऊसाहेबांची पेन्शन केस तयार करतो कोण? ज्याला स्वतःला जुनी पेन्शन नाही तो. सेवापुस्तकात एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंद नाही, वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का नाही, असं काहीतरी निघतंच, आणि "बघू उद्या" म्हणायला तिथे भरपूर वाव असतो. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे ही तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची असते. तुम्ही तारखा लावून दर महिन्याला ती फाइल स्वतः मागवा. म्हणजे चुकून उशीर झाला तर तो कुणी सूड म्हणून केला असा संशय राहत नाही, आणि मुद्दाम करायचा झाला तरी जमत नाही. त्याच वेळी पोराच्या दुय्यम सेवा परीक्षेच्या (खात्याअंतर्गत परीक्षेच्या) रजेचा अर्जही निकाली काढा. मार्चअखेर आहे म्हणून परीक्षेची रजा अडवणारे वरिष्ठ मी पाहिलेत, आणि परीक्षा सुटली की ज्येष्ठता जाते, हे तो मुलगा विसरत नाही.

एवढं करूनही दोघं एकमेकांचं तोंड बघत नसतील तर टेबल बदला. बदल्यांसाठी एप्रिल-मेची वाट बघायची गरज नाही, शाखांतर्गत कामवाटपाचा आदेश तहसीलदारांच्या सहीनं केव्हाही निघतो. हलवायचं तर दोघांना एकाच आदेशानं हलवा. एकालाच हलवलंत तर कार्यालय त्याला शिक्षा समजतं आणि उरलेला जिंकल्यासारखा वागतो. चार्ज यादीवरच द्यायला लावा, सहा गठ्ठ्यांप्रमाणे (फाइली सहा प्रकारांत लावायची कार्यालयीन पद्धत), प्रलंबित किती, उत्तराची वाट बघणाऱ्या म्हणजे प्रतीक्षाधीन किती, रेकॉर्डला पाठवायच्या किती, आणि यादीवर घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय जुन्या टेबलाची किल्ली परत घेऊ नका.