मुंबईच्या जिन्यात फुको लंबक

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवायला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुकोने 1851 साली पॅरिसमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगला. तिथे झोक्याची रेघ, म्हणजे गोळा ज्या रेघेत मागेपुढे झुलतो ती, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तासाला 11 अंशांहून जास्त फिरते. मुंबई 19 अंश उत्तरेला, म्हणून इथे पृथ्वीचे तासाचे 15 अंश × साइन 19, म्हणजे तासाला जेमतेम 4.9 अंश, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पूर्ण फेऱ्याला तीन दिवसांहून थोडं जास्त. एवढ्या बारीक फरकात ढिलाई खपत नाही.

चौथ्या मजल्यापर्यंतच्या जिन्याची मधली पोकळी उत्तम. 10 मीटर लांब, 1 मिमी जाड अखंड स्टीलची तार आणि 5 किलोचा लोखंडी गोळा घ्या. लेथवाल्याकडून गोळ्याला बरोबर मध्यावर भोक पाडून घ्या. वर तार हुकात अडकवू नका, ड्रिलच्या चकमध्ये (ड्रिलचं पातं सगळीकडून घट्ट धरणाऱ्या जबड्यात) आवळा. हुकात ती एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला ताठ वागते आणि रेघ स्वतःच्या मर्जीने वळते. गोळ्याखाली कोणी उभं राहणार नाही, हे आधी बघा.

फरशीवर 30 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून दर 5 अंशांवर खडूची खूण करा. गोळा 30 सेंमी बाजूला ओढून सुती दोऱ्याने बांधा, पूर्ण स्थिर होऊ द्या आणि दोरा मेणबत्तीने जाळा. हाताने सोडलात की प्रयोग वाया: किंचित धक्क्यानेही मार्ग लंबगोल होतो. तो 4 सेंमी रुंद झाला, तर त्याचा खोटा फेर जवळपास पृथ्वीच्या फेराइतकाच भरतो, आणि गोळा ज्या दिशेने घुमतो त्याच दिशेने रेघ वळवतो.

एक झोका 6.3 सेकंदांचा. झोका हळूहळू लहान होतो, म्हणून सेंटीमीटर नाही, अंश मोजा. वेळ पहाटेची बरी. दुपारी समुद्रावरचं वारं जिन्यात शिरतं.

एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिणोत्तर सोडून बघा. दोन्ही वेळा तासाला पाचेक अंश उजवीकडे गेलं तर ठीक. आकडे वेगळे आले तर दोष चकमध्ये शोधा.

बेसिनच्या भोवऱ्यात मात्र पृथ्वीचा हा फेर शोधू नका. पाणी मिनिटभरात जातं, तेवढ्यात इथला फेर 0.08 अंश. वाऱ्याला मात्र वळायला हजारो किलोमीटर आणि कित्येक दिवस मिळतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून आग्नेय वारे निघतात, विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि जूनमध्ये कोकण किनाऱ्यावर नैऋत्येकडून येऊन धडकतात.