श्टुटगार्टमध्ये लहान मूल घेऊन राहताना: आठवड्याची घडी आणि शनिवारचा प्रवास

जर्मनीतले श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, आणि मोटारनिर्मितीच्या उद्योगामुळे पुण्या-मुंबईकडची तरुण मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त या शहरात येऊन राहतात. करार दोन-तीन वर्षांचा असतो, पाहण्यासारखे पुष्कळ असते, म्हणून अनेक जण पहिल्याच महिन्यात पॅरिसची नाहीतर स्वित्झर्लंडची तिकिटे काढून मोकळे होतात. आम्हीही तेच केले होते. लेक तेव्हा चौदा महिन्यांची होती. त्या चार दिवसांत तिने धड जेवण घेतले नाही आणि धड झोपही घेतली नाही, आणि परतल्यावर तिला पूर्ववत व्हायला आठवडा लागला. नव्या घरातच अजून न रुळलेल्या मुलाला आपण आणखी एका परक्या जागी नेले होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. म्हणून नव्याने येणाऱ्या आईवडिलांना मी आग्रहाने सांगते की आधी घरचा आठवडा बसवावा, मग शनिवारचे छोटे प्रवास सुरू करावेत, आणि दूरचे प्रवास त्यानंतर.

घर ताब्यात आल्यापासून २ आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तान्ह्या बाळासह घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेले, घर राहायला दिल्याचे पत्र लागते. विवाहाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला अधिकृत जर्मन भाषांतरासह जवळ ठेवावा. भेटीची वेळ, म्हणजे टेर्मिन, लवकर मिळेलच असे नाही, त्यामुळे घराचा पत्ता निश्चित होताच ती घेऊन टाकावी. नोंदणीनंतर मुलाच्या करक्रमांकापासून विमा कार्डापर्यंत सर्व काही टपालाने येते, आणि इथे एका बारीक गोष्टीवर फार मोठी कामे अडतात: पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जाते. पत्नीने माहेरचे आडनाव ठेवले असेल किंवा मुलाच्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या तऱ्हेने लिहिले असेल, तर ती सर्व आडनावे पेटीवर आणि घंटीच्या बटणाशेजारी पहिल्याच दिवशी लावावीत.

दुसरे काम बालरोगतज्ज्ञ शोधण्याचे. अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, म्हणून मूल आजारी पडण्याची वाट न पाहता जवळच्या चार-पाच ठिकाणी विचारून ठेवावे. भारतातले लसीकरणाचे पुस्तक न विसरता आणावे. बीसीजीची लस जर्मनीत नियमितपणे देत नाहीत, त्यामुळे दंडावरच्या व्रणाबद्दल डॉक्टरांनी विचारले तर सांगता आले पाहिजे. इथे मुलाच्या ठरावीक वयांच्या तपासण्या एका पिवळ्या पुस्तिकेत नोंदवतात आणि ती पुस्तिका पाळणाघरापासून शाळेपर्यंत उपयोगी पडते. रात्री-अपरात्री ताप वाढला, पण जिवावरचे नसेल, तर ११६११७ हा क्रमांक फिरवावा. खरी आणीबाणी असेल तर ११२.

वर्षाच्या पुढच्या मुलाला पाळणाघरात, म्हणजे किटामध्ये, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क असला तरी जागा सहज मिळत नाही, म्हणून नोंदणी झाल्याबरोबर अर्ज करावेत. गोवराच्या लसीचा पुरावा मार्च २०२० पासून सक्तीचा आहे. जागा मिळाली की मुलाला रुळवण्याचा काळ सुरू होतो. आई किंवा बाबा पहिले काही दिवस वर्गात कोपऱ्यात बसून राहतात, मग दहा मिनिटे बाहेर, मग अर्धा तास, आणि मूल परक्या बाईंच्या हातून शांत होऊ लागले की मगच त्याला पूर्ण वेळ ठेवतात. याला काही आठवडे लागतात आणि तेवढी रजा आधीच राखून ठेवावी लागते. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडते मूल दारातून आत देण्याची रीत असल्यामुळे हे सगळे सुरुवातीला वेळखाऊ वाटते, पण माझे मत विचाराल तर या देशाने आमच्या मुलीसाठी केलेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. पुढे प्रवासातही नव्या खोलीत, नव्या माणसांत तिला सोडताना आम्ही हीच चाल धरली.

किटातून जी यादी मिळते तिच्यात घरात घालायच्या चपला, रबरी बूट आणि चिखलात बसता येईल अशी पाणी न शिरणारी विजार असतेच, कारण पावसातही मुलांना रोज बाहेर नेतात. हे कपडे नवे घेऊ नयेत. वसंतात आणि शरदात किटांमध्ये आणि चर्चच्या सभागृहांत मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचे बाजार भरतात, तिथे उत्तम स्थितीतली विजार अगदी थोडक्या पैशांत मिळते.

आता घराबद्दल. श्वाबेन प्रांतातल्या या शहरात केअरवोखे नावाची रीत अजून अनेक इमारतींत पाळतात. तुमची पाळी आली की शेजारी तुमच्या दाराच्या मुठीवर एक छोटी पाटी आणून अडकवतात, आणि त्या आठवड्यात जिना झाडून पुसणे, तळघराकडचा रस्ता साफ ठेवणे आणि काही ठिकाणी हिवाळ्यात समोरच्या पदपथावरचा बर्फ काढणे हे तुमच्याकडे येते. करारात ही जबाबदारी लिहिलेली आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. आमच्याकडे ती पाटी लाकडी आहे, कडा झिजलेली, आणि आठवडा संपला की पुढच्या दारावर ती स्वतः लावण्याचा मान लेकीचा असतो. वरच्या मजल्यावरच्या आजींशी आमची ओळख या पाटीमुळेच झाली, आणि आम्ही गावाला गेलो की आमची पत्रपेटी आता त्याच पाहतात. प्रवासाच्या आठवड्यात पाळी येत असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून ती अदलाबदल करावी. न सांगता निघून जाणे इथे मनाला लावून घेतात.

रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध, पाव, डायपर आणि तापाचे औषध शनिवारी दुपारपर्यंत घरात असावे. रविवारी आणि रात्री १० नंतर भिंतीला भोके पाडणे, मिक्सर फिरवणे टाळावे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते; रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकण्याचे काम तीन वर्षांच्या मुलाला अतिशय आवडते. स्वयंपाकघरासाठी तीन गोष्टी पुरेत: बिनमिठाच्या लोण्याचे उत्तम तूप कढते, क्वार्क, म्हणजे दह्यासारखे मऊ ताजे चीज, फडक्यात बांधून टांगला की श्रीखंडापुरता चक्का मिळतो, आणि भारतीय दुकानातले पीठ संपले तर १०५० क्रमांकाच्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या बऱ्यापैकी होतात.

एवढे बसले की शनिवारचे प्रवास सुरू करावेत. आमचा नियम असा होता की पहिले तीन महिने घरापासून एका तासापेक्षा दूर जायचे नाही आणि दुपारच्या झोपेपर्यंत परतायचे. पहिल्या दिवसासाठी मारिएनप्लाट्स या चौकातून डेगरलोख या टेकडीवरच्या भागात चढणारी दातेरी रुळाची रेल्वे घ्यावी. ती १८८४ पासून चालू आहे. सायकली ठेवण्यासाठी तिच्या पुढे एक उघडी गाडी जोडलेली असते, आणि चढावर शहर खिडकीत हळूहळू खाली जाताना दिसते. आमची लेक खिडकीला नाक लावून उभी होती आणि तिच्या श्वासाने काच धूसर झाली की ती बाहीने पुसायची, पुन्हा नाक लावायची. असे दोन-तीन फेरे मारून घरी येऊन वरणभात खाणे, हा पहिला प्रवास म्हणून पुरेसा आहे. त्यानंतर विल्हेल्मा हे प्राणी आणि वनस्पतींचे उद्यान, किलेसबर्गची बाग आणि तिथली छोटी आगगाडी, मग एसबानने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, लुडविग्सबुर्गचा राजवाडा, जिथे शरदात भोपळ्यांचे प्रदर्शन भरते. उल्म हे शहर त्याच्याही पुढे. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरहून उंच आहे, पण ७६८ पायऱ्या कडेवर मूल घेऊन चढू नयेत. एकाने चढावे आणि दुसऱ्याने मुलासह डॅन्यूबच्या काठी बसावे.

श्टुटगार्ट वाडग्यासारख्या खोलगट भागात वसले आहे आणि टेकड्यांवर जाणारे जुने पायऱ्यांचे रस्ते शहरभर आहेत. नकाशात दहा मिनिटे दिसणारी वाट पुष्कळदा दोनशे पायऱ्यांची निघते, म्हणून बाबागाडीबरोबर अंगावर बांधायची झोळी नेहमी सोबत असावी. एका छोट्या स्थानकावर उद्वाहक बंद असताना आम्हाला बाबागाडी, पिशवी आणि झोपलेले मूल असे तिन्ही घेऊन जिना चढावा लागला होता. तेव्हापासून निघण्यापूर्वी आम्ही वाटेतल्या स्थानकांचे उद्वाहक चालू आहेत का, हे रेल्वेच्या ॲपवर पाहतो. गाडी बदलायला किमान पंधरा मिनिटे राखावीत, मग ॲप सहा मिनिटांचा मार्ग कितीही पुढे करो.

तिकिटांचे गणित असे आहे. डॉइचलांडटिकेट हा मासिक पास २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला आणि जानेवारी २०२६ पासून त्याचे ६३ युरो पडतात. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एसबान, ट्राम आणि बस चालतात, परंतु वेगवान आयसीई आणि आयसी गाड्या चालत नाहीत. ६ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत ६ ते १४ वर्षांची मुले मोठ्यांसोबत मोफत जातात, मात्र तिकीट काढतानाच त्यांची संख्या नोंदवावी लागते. आयसीईत तिकिटासोबत बैठक मिळत नाही, ती वेगळी राखावी लागते, आणि लहान मुलांसाठीचा छोटा बंद डबा मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊनही तोच घ्यावा, कारण तिथे मुलाला खाली खेळू देता येते आणि दूध पाजायला आडोसाही मिळतो.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असावी. आमच्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड, पातळ चादर, तापाचे औषध, चमचा-वाटी, मेथीचे ठेपले किंवा दशम्या आणि घरच्या उशीचा अभ्रा एवढे असते. बाहेरच्या उशीला तो अभ्रा घातला की लेक झोपते. आम्ही शोधलेला हा एकच उपाय मी प्रत्येक आईला सांगते. मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले सुट्टीचे घर बरे, कारण संध्याकाळी सहा वाजता भुकेने रडणाऱ्या मुलाला मऊ खिचडी लागते.

सीमा ओलांडण्याचे प्रवास पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ठेवावेत. जर्मनीचे निवासपत्र असलेल्याला शेंगेनमधल्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय गटातल्या, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, पण मुलाचे निवासपत्र आणि पासपोर्ट दोन्ही मूळ प्रतीच लागतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाताना आम्ही लेकीच्या कागदांची फक्त छायाप्रत नेली होती. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि परतताना नेमकी आमची तपासणी झाली. अर्धा तास आम्ही फलाटावर थांबलो होतो, आणि तो अर्धा तास मला अजून आठवतो. स्वित्झर्लंडबाबत आणखी दोन गोष्टी आहेत: तो शेंगेनमध्ये असला तरी युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचे दर आधी तपासावेत; आणि जर्मन विमा कार्डाच्या मागे छापलेले युरोपीय आरोग्य कार्ड भारतीय नागरिकांना तिथे चालत नाही, म्हणून प्रवासाचा आरोग्य विमा निराळा काढावा.

भारताची सहल सर्वांत मोठी, आणि तिचे नियोजन शाळेच्या आधीच शिकून घ्यावे. मूल शाळेत जाऊ लागले की सुट्टी सुरू होण्यापूर्वी त्याला परस्पर नेता येत नाही; शाळेची सक्ती इथे कडक आहे आणि दंडही होतो. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत असते, त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टचे गणपती सुट्टीत मिळाले, पण २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला असल्याने ते जमणार नाही. मूल लहान आहे तोवर ही मोकळीक वापरून घ्यावी, आजी-आजोबांना नातवंडाच्या हातून मोदकाचे ताट पुढे आलेले पाहू द्यावे. मात्र बाळंतपणानंतर माहेरी लांबचा मुक्काम ठरवताना लक्षात असू द्यावे की साधारणपणे सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास निवासपत्र रद्द होते; ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचे निवासपत्र, असलेला आणि त्याच्या कुटुंबासाठी ही मुदत बारा महिन्यांची आहे.

येताना सामानात तूप, पेढे, खवा किंवा मांसाचे पदार्थ ठेवू नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांस आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. नारळ मात्र चालतो, आणि गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ यांना अडचण नाही.

विमानाचे तिकीट घेताना परतीचा दिवस शनिवार धरू नये. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो, त्यामुळे मूल पहाटे तीनला टक्क जागे होऊन खायला मागते, आणि रविवारी दुकाने बंद असतात. निघण्यापूर्वी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात पाव आणि चार पोळ्या ठेवून जाव्यात, न उघडलेल्या टिकाऊ दुधाचे दोन डबे फडताळात असावेत, आणि आल्यावर पहिले दोन दिवस कामावर न जाता घरातच काढावेत.