जपानला निघालेल्यांसाठी: भूकंपाची माहिती कशी वाचावी

दिवाळीसाठी औशाला आले आहे. गेल्या आठवड्याभरात निलंगा, उमरगा आणि उदगीर इथून जपानला निघालेली चार मुले-मुली घरी भेटून गेली. कोणाला ‘काइगो’चे, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचे, काम मिळाले आहे, तर कोणी पुण्याच्या कंपनीतून तोक्योच्या कार्यालयात चालले आहे. तूरडाळ कुठे मिळते, थंडीचे कपडे किती न्यावेत, हे प्रश्न अर्ध्या तासात संपले. त्यानंतर प्रत्येकाच्या आईने चहाचा कप खाली ठेवत तोच प्रश्न विचारला: “तिकडं भूकंप लई होतेत म्हणं, खरं हाय का?” लातूर-धाराशिवच्या आईने हा प्रश्न विचारणे आणि पुण्या-मुंबईच्या आईने विचारणे यात फरक आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून तोंडी उत्तरावर न भागवता, तोक्योत २०१० पासून राहून जे समजले ते सविस्तर लिहून ठेवते.

आपल्याला भूकंप म्हटले की एकच रात्र आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशीचे गणपती विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत असताना, किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली आणि सुमारे १०,००० माणसे गेली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचे घर पडले नाही, पण पुढचे दोन महिने आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो. त्या भूकंपाची तीव्रता साधारण ६.२ होती. जपान आणि त्याच्या आसपासच्या समुद्रात सहाच्या वरचे भूकंप दरवर्षी अनेक होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत एकही माणूस दगावत नाही. आपल्याकडे माणसे मारली ती चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या मातीच्या ओझ्याने. त्यामुळे ‘हलले की बाहेर पळा’ हा धडा आपण पिढीजात गिरवला, आणि त्या घरांपुरता तो बरोबरही होता. जपानच्या घरात मात्र तोच धडा तुम्हाला अडचणीत आणेल. त्याबद्दल पुढे सांगतेच.

सर्वांत आधी दोन आकडे वेगळे करायला शिका. आपली वर्तमानपत्रे ‘इतके रिश्टर’ असे छापतात तो आकडा भूकंपाच्या उगमाशी मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा असतो. तो एक अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. जपानी माणूस हा आकडा दुय्यम मानतो. तो विचारतो ‘शिंदो किती?’ शिंदो म्हणजे तुम्ही उभे आहात त्या ठिकाणी जमीन किती हलली त्याचे मोजमाप. एका भूकंपाची तीव्रता एकच असते, शिंदो मात्र गावागणिक वेगळा असतो. पूर्वी हवामान खात्याची माणसे स्वतःच्या अनुभवावरून तो ठरवत. १९९६ पासून हे काम यंत्रांकडे आले असून देशभर चार हजारांहून अधिक ठिकाणी ही यंत्रे बसवलेली आहेत. शून्य ते सात अशा या मोजपट्टीत पाच आणि सहा यांचे ‘सौम्य’ व ‘तीव्र’ असे दोन भाग केल्यामुळे एकूण दहा पायऱ्या होतात.

पाठ करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षात अंगच शिकते. शिंदो दोनला टांगलेला दिवा हलतो आणि तुम्ही शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहता, तो मान वर करत नाही. तीनला कपाटातल्या बशा किणकिणतात. चारला झोपलेला माणूस बहुधा जागा होतो. पाच सौम्यला काहीतरी धरावेसे वाटते आणि फळीवरची पुस्तके खाली येतात, पाच तीव्रला आधाराशिवाय चालणे अवघड होते. सहापासून पुढे उभे राहणेच कठीण, मग रांगणे, आणि सातला शरीरावर ताबा राहत नाही. जाणवण्याजोगे धक्के जपानमध्ये वर्षाला दोन हजारांच्या आसपास होतात, पण त्यांतले बहुसंख्य एक आणि दोनचेच असतात. त्या प्रत्येकाची नोंद फोनवर येऊ दिलीत तर महिन्याभरात तुम्ही सगळेच इशारे बंद करून टाकाल, आणि ती खरी घोडचूक ठरेल. ॲपमध्ये स्वतःच्या प्रांतासाठी शिंदो तीन ही मर्यादा ठेवा, त्याखालचे सोडून द्या.

आकड्यांचा हा फरक मला पटला तो ३० मे २०१५ च्या रात्री. ओगासावारा बेटांजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीच्या शेकडो पट ऊर्जा, आणि धक्का देशाच्या सर्व ४७ प्रांतांत नोंदला गेला. इकडे मराठी वाहिन्यांवर ‘जपान हादरला’ सुरू झाले, आईचे फोनवर फोन. प्रत्यक्षात तो भूकंप जमिनीखाली ६८२ किलोमीटर खोल झाला होता. त्सुनामी आली नाही, कोणी दगावले नाही. तोक्योत अनेक इमारतींच्या लिफ्ट थांबल्या, आणि मला भाजीच्या दोन पिशव्या घेऊन अकरा मजले चढावे लागले, एवढेच. तीव्रता, खोली आणि तुमच्या जागचा शिंदो या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय बातमीचा अर्थ लागत नाही.

आता फोनवर येणाऱ्या इशाऱ्याबद्दल. भूकंप झाला की आधी वेगवान पण सौम्य लहरी निघतात आणि त्यांच्यामागून संथ पण मोडतोड करणाऱ्या लहरी येतात. किल्लारीच्या जुन्या माणसांनी सांगितलेली ती आधीची गुडगुड आठवा. उगमाजवळची यंत्रे पहिल्या लहरी टिपतात, संगणक क्षणार्धात अंदाज बांधतो आणि कुठेतरी पाच सौम्य किंवा त्याहून अधिक शिंदो अपेक्षित असेल, तर चार किंवा जास्त हादरा बसू शकणाऱ्या सर्व भागांतले फोन एकदम कर्कश वाजू लागतात: ‘जिशिन देस, जिशिन देस’. भूकंप आहे, भूकंप आहे. सर्वसामान्यांसाठी ही सेवा १ ऑक्टोबर २००७ पासून आहे. याला भाकीत समजू नका. भूकंप झालेला असतो, फक्त तो तुमच्यापर्यंत पोहोचायचा असतो. हाती येतात ती काही सेकंदे, आणि उगम पायाखालीच असेल तर तीही नाहीत.

हा इशारा चुकतोही. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ वाजता ९.० तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पहिला इशारा ईशान्येकडच्या तोहोकू भागापुरता गेला. तोक्योत पाच तीव्रचा हादरा बसला, पण माझा फोन गप्पच होता. उलट ३० जुलै २०२० च्या सकाळी फोन वाजले, आम्ही सगळे टेबलाखाली शिरलो, आणि काहीच हलले नाही. दूर समुद्रातल्या भूकंपाची जागा आणि ताकद मोजण्यात चूक झाली होती आणि हवामान संस्थेने माफी मागितली. त्या दिवशी आमच्या कार्यालयातील कोणीही कुरकुर केली नाही, सगळ्यांनी कपडे झटकले आणि कामाला लागले. तुम्हीही तसेच करा. भारतातून नेलेल्या फोनवर मात्र हा इशारा येतोच असे गृहीत धरू नका. जपानी सिमकार्ड घातल्यावर आपत्कालीन सूचना सुरू आहेत ना, ते दुकानातच तपासून घ्या, आणि पर्यटन विभागाच्या देखरेखीखाली तयार झालेले, अनेक भाषांतले ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप पहिल्याच दिवशी घ्या.

त्या सेकंदांत करायचे काय? बाहेर धावायचे नाही. कपाट आणि काच यांपासून दूर व्हायचे, डोके झाकून टेबलाखाली जायचे. रस्त्यावर वरून काचा, फलक, कौले पडतात. घर भाड्याने घेताना दलालाला न लाजता विचारा की इमारतीला १ जून १९८१ नंतर बांधकाम मंजुरी मिळाली आहे का, कारण त्या दिवसापासून भूकंपरोधक बांधकामाचा नियम कडक झाला. भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. या एका बाबतीत काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. पाचच्या आसपासचा हादरा बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो आणि नवखा माणूस थंडीत गार पाण्याने अंघोळ करत बसतो. दाराबाहेरच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो. आधी वास येत नाही ना ते पाहून घरातील सर्व शेगड्या व गिझर बंद करावेत, मीटरवरचे छोटे टोपण काढून आतील बटण दाबावे आणि तीन मिनिटे कशालाही हात न लावता थांबावे. गळती नसेल तर दिवा विझतो आणि गॅस सुरू होतो.

हादरा थांबल्यावर दूरदर्शन लावा. दीड-दोन मिनिटांत शिंदोचा नकाशा येतो, आणि पाठोपाठ बहुतेक वेळा एक वाक्य ऐकू येते: ‘त्सुनामी नो शिम्पाई वा आरिमासेन’. त्सुनामीची काळजी नाही. जपानी भाषेतली बाकी वाक्ये सावकाश शिका, हे एक विमानात बसण्याआधी शिका. मराठवाड्यातील माणसाची खरी उणीव इथेच आहे. जमीन हलणे आपण जाणतो, समुद्र आपल्या अंगवळणी नाही. २०११ मध्ये भूकंपाची पहिली मोजणी ७.९ इतकीच आली, आणि मियागी किनाऱ्याला सहा मीटरचा, इवाते व फुकुशिमाला तीन मीटरचा इशारा गेला. तो नंतर वाढवला, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेलेली होती. म्हणून २०१३ पासून अतिशय मोठ्या भूकंपात सुरुवातीला मीटरचा आकडा न सांगता ‘प्रचंड’ एवढाच शब्द वापरला जातो. किनाऱ्यावर काम मिळाले असेल तर जोराचा किंवा लांबलेला हादरा हाच इशारा समजा आणि उंचावर चालू लागा.

पहिल्या हादऱ्यानंतर आठवडाभर सावध राहायचे, हे जपानला कुमामोतोने शिकवले. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री ६.५ चा भूकंप झाला, माशिकी गावात शिंदो सात. लोकांना वाटले, झाले ते झाले. १६ तारखेच्या पहाटे ७.३ चा आला, पुन्हा सात. पहिल्या धक्क्यात खिळखिळ्या झालेल्या घरांत परतलेली माणसे दुसऱ्यात सापडली. तेव्हापासून हवामान संस्था मोठ्या भूकंपानंतर ‘आता लहान धक्के येतील’ असे न सांगता, तितकाच मोठा पुन्हा येऊ शकतो असे सांगते. किल्लारीत १९९२ मध्येच धक्के बसत होते, हे वाचताना आठवल्याशिवाय राहत नाही. ८ ऑगस्ट २०२४ ला ह्युगा समुद्रात ७.१ चा भूकंप झाल्यावर नानकाई खंदकासाठी (दक्षिण किनाऱ्यालगतची समुद्रतळाची खोल घळ, जिथे महाभूकंपाची भीती असते) पहिल्यांदाच आठवडाभराची विशेष सूचना निघाली. तशी सूचना आली तर गाव सोडायचे नसते. पाणी, विजेरी, औषधे जवळ ठेवून नेहमीची कामे करायची असतात.

आणि तारीख-वेळ सांगणारे संदेश पुढे पाठवू नका. जुलै २०२५ मध्ये महासंकट येणार अशी आवई उठली होती, आणि नेमक्या त्याच सुमारास तोकारा बेटांवर हजाराहून जास्त धक्के जाणवल्याने ती अधिकच पसरली. महासंकट आले नाही. हिंगोलीत मार्च आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ चे धक्के बसले तेव्हाही ‘आज रात्री तीन वाजता मोठा येणार’ असे संदेश नांदेड-परभणीत फिरलेच होते. दिवस आणि वेळ सांगून भूकंप वर्तवणारे शास्त्र आजमितीस जगात कोणाकडेही नाही.

घरच्यांशी मात्र आधीच ठरवून ठेवा. मोठ्या भूकंपानंतर फोन लागत नाहीत, जपानमध्ये आपसांत निरोप ठेवण्यासाठी १७१ हा क्रमांक आहे, आणि गावाकडे एकच लघुसंदेश पुरतो: प्रांत, शिंदो, ठीक आहे. तुम्ही कोणत्या प्रांतात राहता ते आईवडिलांना मराठीत लिहून द्या, म्हणजे वाहिनीवर दुसऱ्याच टोकाच्या प्रांताचे नाव झळकले तर त्यांची झोप उडणार नाही. निलंग्याच्या त्या बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ‘साइतामा’ असे लिहून घेतले, खाली दोन रेघा मारल्या, आणि तिथून समुद्र किती लांब आहे ते विचारले. साइतामाला समुद्रकिनाराच नाही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी गार झालेला चहा उचलला.