जीएसटीच्या टू-बी (२बी) मॅचिंगसाठी स्वतःचा छोटा प्रोग्राम कसा बनवायचा (कोडिंग येत नसलेल्या अकाउंटंटसाठी)

मी इचलकरंजीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंट्स बघते. बीकॉम झालंय, कॉम्प्युटरमधलं टॅली आणि एक्सेल सोडून काही येत नव्हतं. ज्यांना हे काम माहितीये त्यांना सांगायला नको, १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर २बी (सप्लायरांनी पार्टीच्या, म्हणजे आमच्या ग्राहकाच्या, नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि मंथली पार्ट्यांचं ३बी रिटर्न २० तारखेच्या आत भरायचं असतं, म्हणजे हातात पाच-सहा दिवस आणि तेवढ्यात प्रत्येक पार्टीचं परचेस रजिस्टर (खरेदीच्या बिलांची नोंद) २बी शी जुळवायचं. १ जानेवारी २०२२ पासून बिल २बी मध्ये दिसत नसेल तर त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, त्यामुळे हे काम उरकून टाकण्यासारखं नाहीच, एक बिल नजरेतून सुटलं की पार्टीला तेवढा टॅक्स खिशातून भरावा लागतो.

सुताच्या एका व्यापाऱ्याची महिन्याला चार-पाचशे बिलं असतात, मी ती एक्सेलचं व्हीलूकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधणारा फॉर्म्युला) लावून आणि मग उरलेली डोळ्यांनी बघून करायचे, दोन दिवस जायचे. आता तेच मॅचिंग एका मिनिटाच्या आत होतं आणि माझा वेळ जुळत नाहीत त्या बिलांमागे जातो, जिथे तो खरं जायला पाहिजे. कसं केलं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एआयला मॅचिंग करायला सांगायचं नाही, मॅचिंग करणारा प्रोग्राम एआयकडून लिहून घ्यायचा. बरेच जण दोन्ही फायली चॅटमध्ये टाकतात आणि म्हणतात जुळवून दे. ते दिसतं छान, टेबल वगैरे करून देतं, पण मधल्या चार ओळी गाळल्या तरी आपल्याला कळत नाही, आणि तेच परत विचारलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. प्रोग्रामचं तसं नाही, तो आज जे करतो तेच पुढच्या महिन्यात करतो, चुकला तरी एकाच जागी चुकतो आणि ती जागा सापडते. शिवाय पार्टीचा माल कुणाकडून येतो, कुठल्या भावाने येतो हे सगळं त्या फायलीत असतं, ते आपण विश्वासाने सांभाळायचं असतं, कुठल्याही वेबसाइटवर टाकायचं नसतं.

मग सुरुवात कुठून? वहीपासून. मी खरंच एक संध्याकाळ बसून लिहून काढलं की हाताने जुळवताना मी नेमकं काय करते. जीएसटी नंबर बघते, मग बिल नंबर, मग टॅक्सेबल रक्कम. बिल नंबर 'आर/०४५/२४-२५' असेल आणि आमच्याकडे टॅलीत नुसतं '४५' टाकलेलं असेल तरी मी ते एकच धरते. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा म्हणून सोडते. तारीख पुढेमागे असेल तर बिलाची कॉपी काढून बघते. हे आपण इतकं सवयीने करतो की नियम म्हणून कधी मांडलेलंच नसतं, आणि एआयला सांगताना हेच लागतं, नियम जितके स्पष्ट तितका प्रोग्राम चांगला. ज्यांचं काम वेगळं आहे, म्हणजे पगारपत्रक किंवा स्टॉक किंवा सोसायटीचा मेंटेनन्स, त्यांनीही ही वहीची पायरी गाळू नका.

प्रोग्राम लिहायला आणि चालवायला सॉफ्टवेअर एकच लागतं, थॉनी. फुकट आहे, त्याच्यासोबत पायथन (प्रोग्राम ज्या भाषेत लिहायचा ती) आपोआप येतं, वेगळं काही बसवायची कटकट नाही. त्याच्या टूल्स मेनूत पॅकेजेसचा पर्याय आहे तिथून दोन पॅकेज घ्यायची, पांडाज आणि ओपनपायएक्सेल. पहिलं टेबलांचं काम करतं आणि दुसरं एक्सेलची फाइल वाचण्यासाठी लागतं. सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, फाइल बाहेर जात नाही.

आता खोटी फाइल बनवा. खऱ्या फायलीतले कॉलम तसेच ठेवायचे, आत वीसेक ओळी मनाने भरायच्या, त्यात मुद्दाम चुका घालायच्या. मग चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, जे वापरता त्यात साध्या मराठीत लिहा, मी असं लिहिलं होतं: 'माझ्याकडे दोन एक्सेल फायली आहेत, एक परचेस रजिस्टर आणि एक जीएसटीआर २बी, कॉलमची नावं खाली दिलीत. पायथनमध्ये पांडाज वापरून प्रोग्राम लिही. जीएसटी नंबर आणि बिल नंबर यावर जुळव, बिल नंबर कसा साफ करायचा ते खाली दिलंय. निकालाची एक्सेल फाइल दे, त्यात चार शीट: जुळलेली, रकमेत फरक असलेली, फक्त आमच्याकडे असलेली, फक्त २बी मध्ये असलेली. मला कोडिंग येत नाही, प्रत्येक ओळीवर ती काय करते ते मराठीत लिही.' ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते.

पहिल्याच वेळी चालणार नाही. लाल अक्षरात इंग्लिश मजकूर येईल, घाबरू नका, त्याची शेवटची ओळ आधी वाचायची, बहुतेक वेळा दुखणं तिथेच लिहिलेलं असतं. ती ओळ चॅटमध्ये टाका, दुरुस्त करून मिळेल. पण एरर न येता जे चुकतं ते जास्त वाईट, आणि त्याची यादी मी अनुभवातून सांगते.

एक, २बी च्या एक्सेलमध्ये वरच्या काही ओळी हेडिंगच्या असतात आणि सेल एकमेकांत जोडलेले असतात, त्यामुळे डेटा कितव्या ओळीपासून सुरू होतो ते बघून प्रोग्रामला सांगावं लागतं. दोन, बिल नंबर मजकूर म्हणूनच वाचायला सांगा, नाहीतर '००४५' चं ४५ होतं. एक्सेल तर '४-२५' टाइप केलं की त्याची तारीखच करून टाकतं, त्यामुळे फाइल उघडून हाताने काही बदलून सेव्ह करू नका. तीन, तारखेत दिवस आधी येतो हे सांगा, ०५/०६ म्हणजे ५ जून, अमेरिकन पद्धतीने ते ६ मे वाचलं जातं.

आणि चौथं, ज्याने मला खरा धडा दिला. एका पार्टीचं मॅचिंग झालं आणि जुळलेल्या बिलांची टोटल २बी च्या टोटलपेक्षा जास्त आली. असं होऊच शकत नाही ना! अर्धा दिवस शोधल्यावर कळलं की टॅलीत काही बिलांची एंट्री दोनदा पडली होती, आणि दोन टेबलं जोडताना एका बाजूला तोच नंबर दोनदा असला तर दुसऱ्या बाजूची ओळसुद्धा दोनदा येते. मी टोटल बघितली नसती तर क्रेडिट जास्त घेतलं गेलं असतं आणि नोटीस पार्टीला आली असती. तेव्हापासून प्रोग्राममध्ये जोडण्याआधी डुप्लिकेट वेगळे काढून दाखवायची पायरी आहे, आणि शेवटी एक तपासणी आहे: जुळलेली, फरकाची आणि फक्त २बी मधली, या तिन्हींतली २बी च्या बाजूची बेरीज मूळ २बी च्या बेरजेएवढी यायलाच पाहिजे, नाहीतर निकालाची फाइल बनतच नाही. तुमच्या कामात कुठलीही अशी टोटल असेल ती शोधा आणि प्रोग्राममध्ये घाला. एआयने लिहिलेला कोड बरोबर आहे का हे मला कोड वाचून सांगता येत नव्हतं, पण टोटल जुळते का हे सांगता येत होतं, अकाउंटंटचं ते तर कामच आहे.

जीएसटी नंबरची तपासणी पण घालून घ्या. १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राचं २७, पुढची १० पॅनची, आणि शेवटचं अक्षर आधीच्या १४ वरून गणिताने येतं, त्यामुळे टाइप करताना शून्याच्या जागी ओ पडला तर प्रोग्राम लगेच पकडतो.

क्रेडिट नोट (माल परत गेला किंवा बिलाची रक्कम कमी झाली की सप्लायर देतो ती), दुरुस्त केलेली बिलं, रिव्हर्स चार्ज (विकणाऱ्याऐवजी घेणारा टॅक्स भरतो ती बिलं) हे सगळं पहिल्या फटक्यात घालू नका. २बी मध्ये पहिल्या दोन्हींची शीटं वेगळी असतात आणि रिव्हर्स चार्जचा वेगळा कॉलम असतो, आधी साधी बिलं नीट जुळू देत, दोन महिने जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने दोन्ही करून ताडून बघा, मग वाढवा. मी तसंच केलं, दुप्पट काम पडलं पण सरांना दाखवताना हातात पुरावा होता.

आता ते ओळीओळीचं. रोज चहाच्या वेळी प्रोग्रामच्या पाच ओळी वाचायच्या, समजलं नाही तर विचारायचं, आणि एखादी ओळ स्वतः बदलून बघायची. मी पहिल्यांदा फरकाची मर्यादा १ रुपयावरून २ केली, एवढंच, पण न विचारता केली आणि चाललं, त्या दिवशी फार बरं वाटलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून कोर्सेस आहेत तेही बघा, पण नुसते व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात काही राहत नव्हतं, स्वतःचं अडलेलं काम समोर असलं की राहतं.

उरलेल्या दोन याद्यांचं काय करायचं ते मात्र माणसानेच ठरवायचं. 'फक्त आमच्याकडे' मध्ये जे येतं त्यात बरेचदा सप्लायर तिमाही रिटर्नवाला असतो, त्याने पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफ मध्ये (तिमाहीवाल्यांना दर महिन्याची बिलं चढवायची सोय) बिल चढवलं नाही तर ते तिमाही संपल्यावरच दिसणार, त्याला उगाच रागावून फोन करू नका, आधी तो तिमाहीवाला आहे का बघा. 'फक्त २बी मध्ये' असलेलं बिल आपलं नसेलच तर ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस मध्ये (सप्लायरने चढवलेली बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची सोय) ते रिजेक्ट करता येतं, पण त्याआधी पार्टीला विचारा, कित्येकदा बिल गोडाऊनच्या फाइलमध्ये पडलेलं असतं आणि आपल्याकडे आलेलंच नसतं.

सध्या मी प्रोग्रामला एक शेवटची पायरी जोडलीये, सप्लायरप्रमाणे राहिलेल्या बिलांचा मेसेज तयार होतो, नंबर, तारीख, रक्कम सकट. पाठवत मात्र मी स्वतःच आहे, एकेक वाचून, कारण आमच्या गावात सप्लायर आणि पार्टी बरेचदा एकमेकांचे पाहुणे असतात आणि कुणाला काय शब्दात लिहायचं ते मलाच माहितीये.