वजनाचं इंजेक्शन ऑनलाइन मागवताय? या चुका टाळा

वजन कमी करायच्या इंजेक्शनची चौकशी करणारा पहिला प्रश्न विचारतो, 'महिन्याला किती पडतं?' आणि त्याला भाव सांगितला जातो तो सुरुवातीच्या डोसचा. हिशेब इथेच फसतो. ही औषधं कमी डोसने सुरू करून हळूहळू चढवत नेतात. मौंजारो या इंजेक्शनचं पेन ऑगस्ट 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमचं महिन्याचं पेन (आठवड्याला एक, असे चार डोस) 14,000 रुपयांना होतं, 5 चं 17,500 ला आणि सगळ्यात वरच्या डोसचं 27,500 ला. पुढे जीएसटी उतरला, भाव थोडे खाली आले, चढण मात्र तशीच राहिली. त्यात 2.5 चा डोस फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून चार आठवडे असतो. तेव्हा घरखर्चात 5 आणि त्यापुढचेच आकडे धरा. आरोग्य विम्यावर तर विसंबूच नका, बहुतेक पॉलिसी यातलं काही देत नाहीत. पैसे संपले म्हणून मध्येच सोडलं तर काय होतं तेही माहीत असू द्या. याच प्रकारचं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, बंद केलेल्यांच्या एका अभ्यासात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं.

खर्च कमी करायचा सरळ मार्ग आहे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं, त्यामुळे जेनेरिकबद्दल, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाबद्दल, डॉक्टरांनाच विचारा. वेगोवी आणि ओझेम्पिक दोन्हींत सेमाग्लुटाइडच असतं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड वेगळं. 'मिलिग्रॅमला मिलिग्रॅम' अशी अदलाबदल स्वतःच्या मनाने करायची नाही.

वाकडे मार्गही भरपूर आहेत. प्रिस्क्रिप्शन न मागता टेलिग्रामवर या औषधांची म्हणून पावडरची बाटली विकणाऱ्याला स्वस्त म्हणू नका. त्या बाटलीत काय आहे ते कोणीच तपासलेलं नसतं. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्येच इशारा दिला होता. परवाना असलेली फार्मसी, बॅच नंबर छापलेलं बिल आणि थंड पॅकिंग, यातलं एक जरी नसलं तरी ऑर्डर करू नका. न वापरलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. नागपूरच्या मे महिन्यात ते दुपारभर वॉचमनच्या टेबलावर पडून राहिलं तर वाचवलेले पैसे तिथेच गेले. फ्रीजरमध्येही ठेवू नका. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचंच.

सगळ्यात घातक घोळ सिरिंजचा, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. मौंजारो पेनशिवाय वायलमध्येही, म्हणजे सिरिंजने औषध ओढून घ्यायच्या छोट्या बाटलीत, मिळतं. त्याच्या 2.5 च्या वायलमध्ये अर्धा मिलीलीटर औषध असतं. नारिंगी टोपीच्या 100 युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजवर ते 50 च्या रेघेवर येतं. आपल्याकडे मात्र लाल टोपीची 40 युनिटवाली सिरिंजही सर्रास मिळते, आणि तिच्यावर तेच औषध 20 च्या रेघेवर येतं. दुसऱ्या कंपनीच्या वायलमध्ये हे आकडे वेगळे असू शकतात. म्हणून मेडिकलमधून निघण्याआधी सिरिंज कोणती आणि रेघ कोणती, हे प्रिस्क्रिप्शनवरच लिहून घ्या. पेन वापरत असाल तर चार डोस झाल्यावर त्यात थोडं औषध उरतं. काही जण ते सुईने ओढून पाचवा डोस काढतात. तसं करू नका.

ऑनलाइन सल्ला घेताना घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, आधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, गर्भधारणेचा विचार आहे का, हे विचारलं नाही तरी आपणहून सांगा. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, तेही विचारून घ्या. पोटात असह्य कळ उठून पाठीकडे गेली, उलट्या थांबेनात, तर चॅटवर उत्तराची वाट पाहत बसू नका, इस्पितळ गाठा.